बॅग कोणी भरली

लोक माणसाचं तोंड बघून ओळखतात, बिबिसोरा-ओपा बॅग बघून ओळखायची. आमच्या समरकंदच्या मोहल्ल्यात परगावी दिलेली लेक अवचित दारात उभी राहिली, की ओपाला बोलावणं जायचं. ओपा म्हणजे थोरली बहीण, सगळा मोहल्ला तिला तसंच म्हणायचा. ती यायची, चहाचा एक पेला घ्यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि मग सहज म्हणावं तसं म्हणायची, "बघू गं, काय काय आणलंस ते." पोरगी बिचारी बॅग उघडायची. वर भेटवस्तू आणि खाऊ असला तर ओपा गुडघ्यावर हात टेकून उठायची. लेक पाहुणी म्हणून आलीय. पण वरच थंडीचा कोट, कॉलेजचे दाखले नि आईनं दिलेल्या दागिन्यांचं डबडं निघालं, की ओपा बाह्या सारायची. म्हणजे भांडून आलीय. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरीला दंडाला धरून सासरी नेऊन सोडायची. आपण पोचवलेली एकही परत आली नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. दोघी आल्या होत्या, पण ते ती सांगायची नाही.

ती आमची कैवोनी. लग्नकार्यात, मयतात, बारशात पुढं होऊन बायकांच्या बाजूचं सगळं हाताळणारी. कुणाला कुठं बसवायचं, कुणासमोर कोणती रोटी ठेवायची, कोणत्या मावशीनं बाहीत मिठाई सरकवली, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. एकोणसाठ वर्षांची, अंगानं भरलेली, वरचे दोन दात सोन्याचे, आणि भुवया अशा, की समोरच्यानं काही केलं नसलं तरी त्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. नवरा बस चालवायचा, तो वारून अकरा वर्षं झाली होती. विश्वास म्हणून तिचा होता तो एकाच माणसावर, पोटच्या मुलावर.

हा मुलगा, अस्लिद्दिन, लॉटरीत नाव लागून अमेरिकेला गेला आणि ब्रुकलिनमध्ये मालाच्या गाड्या चालवायला लागला. तिथला नागरिकही झाला. एकतिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढेना. ओपानं समजावलं, रडून पाहिलं, शेवटी "मी मेल्यावर ये मग" असंही म्हणून झालं. तेव्हा कुठं स्वारी तीन आठवड्यांसाठी आली. ओपानं मुलगी आधीच हेरून ठेवली होती. उर्गुतची सर्विनोझ, नर्सिंग शिकलेली, चेहऱ्यानं गोड, कमी बोलणारी. लग्न झालं, नवरदेव परत गेला आणि बायकोचा व्हिसा यायला वीस महिने लागले. तेवढे दिवस सून रीतीप्रमाणे सासूपाशी राहिली, नवऱ्यासारखीच तिला 'ओयी', म्हणजे आई, म्हणायला लागली.

सून कामाला वाघ होती, त्यात ओपालाही खोट काढता येईना. पण आठवड्यातून तीनदा ती इंग्रजीच्या शिकवणीला जायची. वह्या भरायची. तिथल्या पाळणाघरातला शब्द असो की औषधाच्या दुकानातला, पाठ करत बसायची. ओपाच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. भिंतीपलीकडच्या मावजुदाला ती म्हणाली होती, "या पोरीला माझा मुलगा हवाय की अमेरिका, तेच मला कळत नाही."

"दोन्ही हवं असेल," मावजुदा म्हणाली होती.

"दोन्ही कुणाला मिळतं?"

एप्रिलच्या शेवटी व्हिसा आला. सगळ्या मोहल्ल्यानं सर्विनोझला निरोप दिला, ओपानं डोळेही पुसले. आणि बरोबर विसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ओपा अंगणात चारपाईवर बसून तुती निवडत असताना फाटक वाजलं. दारात सर्विनोझ उभी. एकटी. हातात मोठी निळी बॅग.

"ओयी," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्ही उठून कशाला बसलात? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय ना?"

ओपाच्या हातातली तुती हातातच राहिली. "कुठल्या डॉक्टरनं?"

"तुमचा रक्तदाब... तुम्ही पडलात ना बाजारात? हे म्हणाले, ओयीजवळ कुणी नाही, तू लगेच जा, तीन आठवडे राहा आणि ये."

गेल्या सहा महिन्यांत ओपाला साधी शिंक आली नव्हती. ती सुनेकडं बघत राहिली. सूनही तिच्याकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यात ओपाला काहीतरी बदललेलं दिसलं. पोरगी घाबरली होती. खोटं पकडलं गेलं की माणूस असंच घाबरतं, हे ओपाला अनुभवानं ठाऊक होतं.

"बस," ती म्हणाली. "तोंड धू. दमली असशील."

चहा झाला. रोटी मोडून झाली. मग ओपा गोड आवाजात म्हणाली, "पासपोर्ट दे बाई इकडं, माझ्या पेटीत ठेवते. घरात माणसं येतात-जातात." सर्विनोझचा हात पर्सपाशी जरा थांबला. मग तिनं काढून दिला, पण तिचा चेहरा पार उतरला. ओपानं तेही टिपलं. आणि मग ती बोललीच, "बघू गं, काय काय आणलंस ते."

बॅगेची चेन उघडली. वरच थंडीचा काळा कोट. मे महिन्यात. त्याच्या खाली पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये नर्सिंगचे दाखले. कोपऱ्यात दागिन्यांचं डबडं. खाऊचं नाव नाही, सासूला एक रुमालसुद्धा नाही.

"तीन आठवड्यांसाठी आलीस ना? मग हा कोट कशाला?"

"राहू दे इथं, ओयी. तिथं खोली लहान आहे."

ओपानं बॅग तशीच बंद केली. तिला वरचं एवढं पुरायचं. तिनं मनाशी निकाल देऊन टाकला: भांडून आलीय. आणि वर खोटं बोलतेय, तेही माझ्याच आजारपणाचं. याचा तिला इतका संताप आला, की दुपारचं जेवण तिनं एका शब्दाशिवाय वाढलं.

संध्याकाळी, म्हणजे तिकडं सकाळ झाल्यावर, तिनं मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि मुलाला फोन केला. "काय रे, तुझी बायको इथं आलीय."

"पोचली का? बरं झालं." अस्लिद्दिन जांभई देत होता. "तिच्या आईची आठवण येते म्हणून रडत होती गं. ऐकेचना. म्हटलं जा बाई, राहा थोडे महिने."

"महिने? ती तर तीन आठवडे म्हणते."

"बघू. घाई काय आहे?"

"आणि मी आजारी आहे असं कोण म्हणालं?"

"तसं म्हणाली का ती? लाजेनं म्हणाली असेल. तू मनावर घेऊ नकोस, ओयी. सांभाळून घे तिला."

बघा, किती समजूतदार माझा मुलगा, ओपाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको थापा मारते आणि हा तिला सांभाळून घ्यायला सांगतो. म्हणजे दोघांतला एक खोटं बोलत होता हे तर उघडच होतं, आणि तो एक कोण याबद्दल ओपाला तिळमात्र शंका नव्हती.

पुढचे चार दिवस घरात दोन मांजरं एकमेकांवर नजर ठेवून बसावीत तशा त्या दोघी राहिल्या. सर्विनोझ काम करायची, विचारलं तेवढंच बोलायची आणि मधूनच मान वर करून सासूकडं बघायची. ओपा दिसली की खाली मान. नवऱ्याला फोन लावायचा झाला की अंगणाच्या टोकाला जायची, आणि बहुतेक वेळा तिकडून तो उचललाच जात नसावा, कारण ती नुसतीच कानाला लावून उभी असायची. आणखी एक गोष्ट ओपाला खटकत होती. आईसाठी रडत आलेली ही पोरगी, उर्गुत इथून तासाभराच्या वाटेवर, पण आईकडं जायचं नाव काढत नव्हती. शरमेनं लपतेय, दुसरं काय.

पाचव्या दिवशी मावजुदा चाळणी मागायला आली. तिच्या घरी दोन चाळण्या आहेत, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"सून आलीय म्हणे," ती आत डोकावत म्हणाली.

"आलीय."

"इतक्यात?"

"मला भेटायला."

"हो का? वीस दिवसांत इतकी आठवण आली सासूची?" मावजुदा आवाज खाली आणून म्हणाली, "लोक काय म्हणतात सांगू? म्हणतात, तिथून हाकलली. विमानतळावर कागदावर शिक्का मारून परत पाठवतात म्हणे. एकदा तो शिक्का बसला, की जन्मात पुन्हा आत घेत नाहीत."

"लोकांना दुसरं काम नाही."

"मी कुठं म्हणते आहे? इतरांच्या सुना तू दुसऱ्या दिवशी पोचवतेस, स्वतःची पाच दिवस ठेवलीस, म्हणून लोक बोलतात."

हा टोला वर्मी बसला. मावजुदा चाळणी न घेताच गेली. ओपानं पेटीतून पासपोर्ट काढला आणि पानं उलटली. एका पानावर सुनेचा फोटो असलेला व्हिसा, आणि त्यावर खरोखरच कुणीतरी शिक्का मारून हातानं तारीख लिहिली होती. तिनं पासपोर्ट रुमालात गुंडाळला, सुनेच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात तिकिटाचा कागद होता तोही घेतला आणि "जिरं आणते" म्हणून बाहेर पडली.

बाजाराच्या तोंडाशी लुत्फुल्लाचं विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. त्याच्या तिन्ही मुलींच्या लग्नात ओपाच कैवोनी होती, त्यामुळं ती आत येताच त्यानं खुर्ची पुसली.

"खुर्ची राहू दे. हे बघ आणि खरं काय ते सांग. हाकललंय का हिला?"

लुत्फुल्लानं चष्मा लावला. पान उजेडात धरलं. मग तो हसला. "ओपा, हाकललंय कुठं? आत घेतलंय. बायको म्हणून कायमचं राहायला गेली ना ती? मग हा आत घेतल्याचा शिक्का. ग्रीन कार्ड घरी पोस्टानं यायला वेळ लागतो, तोवर हेच पान कार्ड. एक वर्ष चालतं."

"म्हणजे कार्ड नसताना परत जाता येतं?"

"येतं की. माझी मेहुणी अशीच आली होती, बापाच्या मयताला. विमानतळावरच्या पोरानं अडवलं होतं, कार्ड कुठंय म्हणून. तिनं हे पान दाखवलं, त्यानं वरच्याला विचारलं, सोडलं. बहुतेकांना माहीत नसतं एवढंच."

ओपाच्या छातीवरचा दगड उतरला. हाकललं नव्हतं. म्हणजे नुसतं भांडण, आणि भांडणं मिटवण्यात तिचा हात कुणी धरला असता? "बरं, तिचं परतीचं कधीचं आहे बघ. दहा जून म्हणते."

लुत्फुल्लानं कागदावरचा नंबर टाकला. बघितलं. पुन्हा टाकला. आणि मग त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच ओपाला कळलं, की आता काहीतरी वाईट ऐकायचंय.

"परतीचं रद्द झालंय, ओपा."

"तिनं केलं?"

"ज्यानं काढलं त्यानं. पैसे त्याच्याच खात्यावर परत गेलेत. ती मंगळवारी उतरली ना? बुधवारी रद्द."

ओपानं जिरं घेतलं, कारण ती जिरं आणायला निघाली होती, आणि घरी आली. तिकीट कुणी काढलं होतं ते विचारायची गरज नव्हती. तरी तिचं मन वाटा काढत राहिलं. चुकून झालं असेल. तारीख बदलायची असेल. सुनेनंच सांगितलं असेल त्याला. आईचं मन मोठं बेरकी असतं, मुलाला सोडवायचं म्हटलं की त्याला कुठूनही फट सापडते.

सर्विनोझ तंदूरपाशी होती. ओपा सरळ खोलीत गेली आणि तिनं निळी बॅग उघडली. या वेळी कोट बाजूला केला, दाखले बाजूला केले आणि तळापर्यंत गेली. आणि तिथंच खाली बसली.

कपड्यांच्या घड्या नव्हत्या. वळकट्या होत्या. प्रत्येक कपडा घट्ट गुंडाळलेला आणि त्याच्याच बाह्यांनी करकचून बांधलेला. लष्करातून आल्यापासून अस्लिद्दिन असेच कपडे ठेवायचा. ओपा त्यावरून त्याला कितीतरी हसली होती. सुनेचे झगे, सुनेची अंतर्वस्त्रं, लग्नातला जरीचा पोशाखसुद्धा, ज्याची जर मोडू नये म्हणून बायका मलमलीत गुंडाळून ठेवतात, तो या गड्यानं मोजा गुंडाळावा तसा गुंडाळून बांधला होता. तिथं गेलेली सुनेची एकूण एक वस्तू या बॅगेत होती. भांडून निघालेली बाई स्वतःची बॅग स्वतः भरते. ही बॅग बाईनं भरलेली नव्हती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा बघून निकाल देणाऱ्या बिबिसोरानं स्वतःच्या घरातली बॅग वरवर बघून बंद केली होती, याची तिला अशी लाज वाटली, की दाराबाहेर पावलं वाजल्यावर तिनं चोरासारखं झाकण लावलं.

त्या संध्याकाळी तिनं मुलाला पुन्हा फोन केला. आवाजात साखर घातली. "बाळा, तुझी बायको काही खरी नाही. मला पहिल्यापासून वाटत होतं. आता तूच सांग, मी हिचं काय करू?"

अस्लिद्दिनचा जीव भांड्यात पडल्याचं तिला ऐकू आलं. सुटलेला श्वास, बस्स.

"काही करू नकोस, ओयी. राहू दे. ग्रीन कार्ड माझ्या पत्त्यावर येणार, ते मी ठेवतो. त्याच्याशिवाय तिला कुणी विमानात बसू देत नाही. वर्षभरात कंटाळेल, जाईल उर्गुतला. मग तलाकचे कागद करून टाकू."

"असं केलंस तू?"

"मग काय करू? इथं माझं एकीशी आहे. चार वर्षं झाली. हिला आणली, तर ती आठ दिवसांत कामं शोधत फिरायला लागली, भाषेच्या शाळेत नाव घालायला निघाली. कधीतरी कळलंच असतं तिला."

"चार वर्षं? मग लग्न कशाला केलंस रे?"

"तू ऐकत होतीस का?" तो एकदम चिडला. "मरेन म्हणालीस. तुझ्यासाठी केलं. तूच शोधलीस, आता तूच सांभाळ."

ओपानं फोन ठेवला. ती रडली नाही. रडण्याआधी माणसाला ज्याचा राग आहे तो कुणीतरी लागतो, आणि इथं राग मुलावर जायचा तो फिरून तिच्यावरच येत होता. हे लग्न तिनं केलं होतं. मुलगी तिनं हेरली होती. मोहल्ल्यात मिरवली होती.

सर्विनोझ अंगणात नळाखाली काकड्या धूत होती. ओपा तिच्या समोर पालथ्या बादलीवर बसली आणि सगळं सांगितलं. तिकीट, वळकट्या, फोन. काही झाकलं नाही. सर्विनोझनं नळ बंद केला, एवढंच.

"तुला ठाऊक होतं?" ओपानं विचारलं.

"संशय होता. तुम्ही तुती निवडताना दिसलात ना दारात, तेव्हापासून." तिचा आवाज कापत नव्हता. "बरी बाई बसलीय समोर. म्हणजे कुणीतरी खोटं बोललंय. बॅगही त्यांनीच भरली होती, कोट राहू दे तिकडं, खोली लहान आहे म्हणाले. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

"मी?"

"तुम्ही पासपोर्ट मागून घेतलात, ओयी. पाच दिवस मी विचार करतेय, आता हा कसा मिळवायचा. पेटीची किल्ली कुठं असते ते बघून ठेवलंय मी. आईकडं गेले नाही ते त्यामुळंच. घरातून पाऊल टाकलं तर मागं दार लावून घ्याल, पासपोर्ट आतच राहील, असं वाटत होतं."

आजवर ओपा प्रत्येक पोरीला एकच विचारत आली होती: काय केलंस? आता तिच्या तोंडून दुसराच प्रश्न निघाला, आणि तो विचारताना तिला स्वतःलाच तो अवघड गेला.

"तुला परत जायचंय का?"

"जायचंय."

"त्याच्याकडं?"

सर्विनोझनं काकडी ताटात ठेवली. "अस्लिद्दिनकडं नाही." नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून ओपानं पहिल्यांदाच ऐकलं. "मला तिथं जायचंय. दुकानात मला एक बाई भेटली होती. तिची आई आपल्याच समरकंदची, जुन्या यहुदी गल्लीतली. म्हातारी झालीय, तिला आपली बोली बोलणारी, औषधपाणी बघणारी बाई हवीय. खोली देते म्हणाली. मी नको म्हटलं होतं तेव्हा, माझं घर आहे म्हणून. परवा तिला फोन केला. ती म्हणाली, जागा अजून आहे."

म्हणजे ओपाची पहिल्या दिवसापासूनची शंका खरी निघाली होती. पोरीला मुलगा नको होता, अमेरिका हवी होती. फक्त तिला असं व्हायला कुणी लावलं, हे ओपाच्या हिशेबात कधीच आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपला पारा चढेल. पण तिला काहीच वाटलं नाही, फक्त घाई वाटली. त्यानं काही वेगळे कागद करण्याआधी, कुणीतरी त्याला कळवण्याआधी, ही पोरगी आत पोचायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पेटी उघडली. तळाशी तिचं मरणाचं गाठोडं होतं. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका ते बांधून ठेवतात: कफनाचं कापड, आंघोळ घालणाऱ्या बायकांना द्यायचे रुमाल, आणि मुलावर भार नको म्हणून पैसे. कापड आणि रुमाल तिनं परत ठेवले. पैसे लुत्फुल्लाच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "एका बाजूचं. लवकरात लवकर. आणि तुझ्या बायकोलासुद्धा बोलायचं नाही."

शुक्रवारी दुपारी त्या दोघी निळी बॅग ओढत गल्लीतून निघाल्या, तेव्हा मावजुदा तिच्या फाटकात उभी होतीच.

"कुठं चाललात सासू-सुना?"

"उर्गुतला," ओपा मोठ्यानं म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल असं. "माहेरी पोचवते. माझं नाही जमलं हिच्याशी."

मावजुदाचं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्यांच्या सुना सासरी पोचवणारी बाई स्वतःची सून माहेरी टाकायला निघाली. संध्याकाळपर्यंत हे चार मोहल्ल्यांत होणार, पुढच्या लग्नाला कैवोनी म्हणून बोलावणं येईल की नाही कुणास ठाऊक, हे ओपाला पाऊल टाकताना कळत होतं. सर्विनोझनं काही बोलायला तोंड उघडलं, तशी ओपानं तिच्या दंडाला चिमटा काढला. "मान खाली घाल. टाकलेली सून अशी ताठ चालते का?"

ताश्कंदला रात्र त्यांनी ओपाच्या मावसबहिणीकडं काढली. सकाळी विमानतळावर काउंटरवरच्या पोरानं कार्ड मागितलंच. सर्विनोझनं पासपोर्टचं ते पान उघडून दाखवलं आणि पाठ केलेल्या इंग्रजीत काहीतरी म्हणाली. पोरानं फोन लावला, कुणाशी बोलला, पुन्हा पान बघितलं. काचेच्या अलीकडं उभ्या ओपानं तेवढ्यात होत्या नव्हत्या सगळ्या पीरांना नवस बोलून टाकले. मग पोरानं निळ्या बॅगेला पट्टी लावली. सर्विनोझ परत आली, सासूच्या छातीवर तिनं डोकं टेकलं आणि म्हणाली, "ओयी, तुम्ही त्यांना काय सांगाल?"

"ते माझं मी बघते. तू जा."

बिबिसोरा दुपारच्या गाडीनं घरी आली. हात धुतले, चहा टाकला, चारपाईवर बसली. सात वाजता फोन वाजला. अस्लिद्दिन होता.

"ओयी, तिचा फोन बंद लागतोय."

"चार्ज संपला असेल."

"कुठंय ती?"

"इथंच आहे. तंदूरपाशी."

"कॅमेरा फिरव बघू तिकडं."

तंदूर थंड होता, अंगणात चिटपाखरू नव्हतं. ओपानं फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"आईवर संशय घेतोस?"

"तसं नाही गं. पण तू माझ्याशी खोटं तर बोलत नाहीस ना?"

"तू माझा पोटचा मुलगा," बिबिसोरा म्हणाली. "तुझ्याशी मी कशाला खोटं बोलू?"

सर्विनोझचं विमान उतरायला अजून चार तास होते.